शेवाळे मॅडमची गॅलरी

तुम्ही शेवटचं खरं वाक्य कुठे उभं राहून बोललात? दार लावून, की दार उघडून?

घाई नाही, आठवून सांगा. साहेबाबद्दल, सोसायटीच्या अध्यक्षाबद्दल, स्वतःच्या जातीबद्दल जे तुम्हाला मनापासून वाटतं ते तुम्ही जिन्यात म्हणता की स्वयंपाकघरात? मी सांगते, स्वयंपाकघरात. तेही मिक्सर चालू असताना. या पुण्यात मतांचा तुटवडा कधीच नव्हता. फक्त मत मांडण्याआधी खिडकी लावून घ्यायची इथली रीत आहे.

ती रीत मोडायला आमच्या कॉलेजात एक बाई बसल्या होत्या. बसल्या होत्या म्हणजे खरं तर उभ्या होत्या, कारण त्यांना हक्काची खुर्ची नव्हती. नंदा शेवाळे. सदाशिव पेठेतल्या आमच्या कॉलेजात त्या युरोपचा इतिहास शिकवायच्या, आणि त्यातला प्रबोधनकाळाचा वैकल्पिक पेपर म्हणजे त्यांचा जीव. आम्ही पोरं त्याला नुसतं 'रेनेसाँ' म्हणायचो. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास तेवढा पगार, उन्हाळ्यात काही नाही, आणि दर जूनला नव्याने मुलाखत. त्यांनीच शिकवलेली काही मुलं एव्हाना कायम नोकरीला चिकटून मुलाखतीच्या समितीत बसू लागली होती. त्यांच्यासमोर मॅडम दर वर्षी 'स्वतःबद्दल थोडं सांगा' या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या. एका वर्षी म्हणाल्या, "सांगते की. तू मागच्या बाकावर झोपायचास ना, तेव्हा पुढे मीच बोलत होते." निवड झाली. दुसऱ्या कोणाचा अर्जच नव्हता.

राहायला हडपसरला. बसने यायच्या. चोपून नेसलेली साडी, पदर खोचलेला, आणि खाली पळायचे बूट. कोणी बुटांकडे पाहिलं की म्हणायच्या, "हडपसरची बस पकडायचीय. चपला घरात." आवाज असा, की शेजारच्या वर्गातल्या पोरांना आमचाही पेपर देता आला असता. हा आवाज त्यांनी कमावला नव्हता. हडपसरला आता जिथे काचेच्या कंपन्या आहेत तिथे कुठेतरी त्यांच्या वडिलांचा मळा होता, आणि पाण्याच्या मोटरीच्या आवाजावरून हाक पलीकडच्या बांधापर्यंत पोचवायची, हे लहानपणी त्यांचं काम होतं. "मोटर बंद करून हाक मारता येत नाही," त्या म्हणायच्या. "मोटर चालूच असते. तुम्ही मोठ्यांदा बोलायचं."

आमचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. दार उघडलं की लांबच लांब गॅलरी, खाली दगडी अंगण, अंगणात दुचाक्या, कँटीन, नोटिसांचा फळा आणि दिवसभर तिथेच राहणारी निम्मी पोरं. मॅडमच्या शिकवण्याचा सगळा डोलारा त्या गॅलरीवर उभा होता. वर्गात कोणी काही धीट बोललं की त्या खडू खाली ठेवायच्या आणि विचारायच्या, "हे आतलं वाक्य की बाहेरचं?"

पहिल्याच आठवड्यात एक पोरगा फुशारला होता. म्हणाला, "मॅडम, आपल्या प्राचार्यांना इतिहासातलं काडीचं कळत नाही."

"आतलं की बाहेरचं?"

"म्हणजे?"

"म्हणजे चला गॅलरीत. हेच वाक्य अंगणाला सांगा. मी खाली उभी राहून ऐकते."

आणि खरंच खाली गेल्या. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, दुचाक्यांपलीकडे उभ्या राहून कानामागे हात धरला. पोरगा कठड्याशी आला, खाली पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "आपल्या प्राचार्यांना इतिहासाची... आवड आहे."

अंगण हसलं. मॅडम जिना चढून वर आल्या, दम खात खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: दरबारी. "आजचा धडा हाच होता," त्या म्हणाल्या. "इटलीतल्या दरबारांत हे शिकवायला वेगळे गुरू ठेवायचे. हा फुकटात शिकून आलाय. बस खाली."

अशा त्या शिकवायच्या. तिकडच्या शहरांतल्या शिक्षकांनी व्याकरण, इतिहास, वक्तृत्व का शिकवलं? पोरगा उद्या शहराच्या सभेत उभा राहील, तेव्हा त्याची जीभ अडखळू नये म्हणून. शिक्षण घरी घ्यायचं, वापरायचं चौकात. ज्ञानी माणसाने गावाबाहेरच्या बंगल्यात पुस्तकं वाचत बसावं की नगराच्या भानगडीत पडावं, यावर त्या लोकांनी पानंच्या पानं लिहिली. "आणि बहुतेकांनी ती बंगल्यात बसून लिहिली," मॅडम पुस्ती जोडायच्या. मित्राला जिवाभावाचं खाजगी पत्र लिहायचं, त्याची नक्कल स्वतःकडे ठेवायची, पुढे सगळी पत्रं नीटनेटकी करून जगाला वाचायला द्यायची, ही रीतही त्यांचीच. "तुम्ही सकाळी स्टेटसला डोळ्यांतलं पाणी टाकता ना, त्याचे हे पूर्वज."

पण त्यांचा आवाज खरा चढायचा तो मुलींच्या शिक्षणावर आलं की. मोठ्या घरच्या मुलींना तेव्हा लॅटिन शिकवायचे, इतिहास शिकवायचे, काव्य शिकवायचे. मोठमोठे पंडित कौतुकाने शिकवायचे. मात्र एक विषय वगळून. भाषण. बाईने उभं राहून हातवारे करत युक्तिवाद करायचा कशाला? ती का कोर्टकचेरीत उभी राहणार आहे? मॅडम हे सांगून थांबायच्या. मग मुलींच्या बाकांकडे बघून म्हणायच्या, "सगळं शिकवा, तोंड सोडून. ओळखीचं वाटतंय का? चला. एकेक जण गॅलरीत."

आता आपटे सरांना आणायला हवं, कारण त्यांच्यावाचून मॅडमचं चित्र पुरं होत नाही. आपटे सर विभागप्रमुख. 'प्रबोधनकाळातला निर्भय माणूस' या विषयावरचं त्यांचं व्याख्यान शहरातल्या सगळ्या व्याख्यानमालांमध्ये होऊन गेलेलं. घरी शालींचं कपाट वेगळं आहे म्हणतात. व्याख्यानात ते मध्येच थांबायचे, छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "आत्ता सहज सुचलं म्हणून सांगतो." हे सहज सुचणं ते आदल्या दिवशी स्टाफरूमच्या आरशासमोर घटवून ठेवायचे. मॅडमनी एकदा ऐकलं आणि डबा उघडत म्हणाल्या, "सर, छताकडे जरा उशिरा बघा. आत्ता सुचायच्या आधीच दिसतंय."

या निर्भय माणसाचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "आपलं आपल्यात म्हणून सांगतो." संस्थेच्या अध्यक्षांना अक्षरशत्रू म्हणायचं ते आपलं आपल्यात. भरतीत काय चालतं ते आपलं आपल्यात. शेवाळेबाईंना कधीच कायम करायला हवं होतं, हे तर फारच आपलं आपल्यात. ते सांगताना सर खुर्ची जवळ ओढायचे, पण वह्या द्यायला दारात उभ्या असलेल्या आम्हा पोरांना अर्धंमुर्धं ऐकू यायचंच. सर एकटेच नव्हते. सगळी स्टाफरूम दुपारच्या सुट्टीत मॅडमच्या भाकरीशेजारी येऊन मन मोकळं करून जायची. ज्यांना कायम खुर्ची होती ते सगळे घाबरलेले, आणि जिला खुर्चीच नव्हती तिच्याकडे धीर मागायला आलेले. मॅडम ऐकायच्या, ठेच्याचा घास मोडायच्या आणि एवढंच विचारायच्या, "हे बाहेरचं कधी होणार?" त्यावर माणूस घड्याळ बघायचा.

मी मॅडमची स्तुती करायला बसले आहे असं वाटू देऊ नका. त्यांची चूकही सांगते. ती त्यांच्या पद्धतीतूनच झाली.

आमच्या वर्गात यवतमाळची प्राची होती. पेठेतच एका काकूंकडे खोली घेऊन राहायची. हुशार, पण बोलायला मागे. एकदा खाजगी आयुष्य म्हणजे काय यावर चर्चा चालली होती. प्राची पुटपुटली, "मॅडम, आमच्या काकू आम्ही कॉलेजात आलो की आमच्या बॅगा उघडून बघतात."

"आतलं की बाहेरचं?"

"आतलंच राहू द्या ना मॅडम."

"का? खोटं आहे?"

"खरं आहे."

"मग उठ."

प्राची उठली. गॅलरीत गेली. आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा आवाज अंगणाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी खालून दोन्ही हात वर केले. कँटीनमध्ये काकूंची भाची वडापाव खात होती, हे कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी प्राचीच्या बॅगा जिन्यात होत्या. काकू तिला एवढंच म्हणाल्या, "अहो ताई, आता बॅगा बाहेरच ठेवल्यात. आम्हाला उघडायला नकोत आणि तुम्हाला बोलायला नको." पुणेरी माणसाला वक्तृत्व शिकवायला इटलीहून कोणी यावं लागत नाही.

मॅडमना फोन गेला. त्या अर्ध्या वाटेतून परत आल्या, एक बॅग स्वतः उचलली आणि प्राचीला रिक्षात घालून हडपसरला नेलं. वर्ष संपेपर्यंत ती तिथेच राहिली. मॅडमचं घर आम्ही पाहिलं ते तिच्यामुळे. दोन खोल्या, पुस्तकांच्या उतरंडी, आणि कॉलेजात पल्लेदार बोलणाऱ्या मॅडम घरात "काय गं, जेवली का न्हाय? का रेनेसाँ खाऊन झोपणारेस?" अशा बोलायच्या. नळावरून शेजारणीशी भांडायच्या तेही त्याच भाषेत. मला वाटायचं, ही त्यांची आतली भाषा. प्राची म्हणायची, "आतली बितली नाही. भाषा वेगळी, पण त्या बोलतात तेच, दोन्हीकडे."

बॅगा जिन्यात आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम वर्गात आल्या त्या फळ्याकडे गेल्याच नाहीत. सरळ गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली ऐन सुट्टीची गर्दी होती. "काल मी प्राचीला इथे उभं केलं," त्या म्हणाल्या. "ती नको म्हणत होती. वाक्य तिचं होतं, हट्ट माझा होता. घर तिचं गेलं, माझं काही गेलं नाही. चूक माझी आहे." मग वर्गात येऊन म्हणाल्या, "आजपासून नियम बदलला. ज्याचं वाक्य, त्यानेच बाहेर न्यायचं. त्याला वाटेल तेव्हा. कोणी ढकलायचं नाही, आणि दुसऱ्याने तर मुळीच न्यायचं नाही."

त्या दिवशी मला हा नियम मवाळ वाटला. माझे बाबा कामगार संघटनेची पत्रकं वाटायचे. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. आमच्या घरात नियम एकच: खरं असेल ते छापायचं, नावासकट. त्यामुळे पुढचं प्रकरण घडलं तेव्हा माझं आणि मॅडमचं भांडण झालं.

यंदा वर्ष संपत आलं तेव्हा संस्थेने ठरवलं की रेनेसाँचा पेपर बंद करायचा. विद्यार्थी कमी, उपयोग नाही. त्या तासांना नवा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू होणार होता. नाव: 'प्रभावी वक्तृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकास'. शुल्क वेगळं. म्हणजे माणसाने सभेत का बोलावं हे शिकवणारा पेपर काढायचा आणि कसं बोलावं याचं दुकान लावायचं. मॅडमच्या हातात आता तेवढाच पेपर उरला होता; तो गेला की तास गेले, आणि तास गेले की मॅडम गेल्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावंही लागत नाही. वेळापत्रकात नाव लिहायचं नाही, झालं.

स्टाफरूम हळहळली. आपलं आपल्यात. आपटे सर म्हणाले, "अहो शेवाळेबाई, हा सांस्कृतिक खून आहे."

"मीटिंगमध्ये म्हणाल?"

"मीटिंगचं व्यासपीठ वेगळं असतं हो. योग्य वेळी बोलू."

"वेळ कोणती?"

"माझी निवृत्ती होऊ द्या," सर म्हणाले. विनोद नव्हता.

आणि मग संस्थेने कमाल केली. नव्या अभ्यासक्रमाच्या उद्घाटनाला आभारप्रदर्शन शेवाळे मॅडमनी करावं, असं ठरलं. आवाज चांगला आहे म्हणून.

ही बातमी आली आणि स्टाफरूमचं तोंड उतरलं. बाईच्या हातात माइक. समोर अध्यक्ष. आणि इतक्या वर्षांचं सगळ्यांचं आपलं आपल्यात त्या बाईच्या पोटात. त्या आठवड्यात मॅडमच्या डब्याशेजारी खाऊचे डबे येऊन बसले. कोणी चिवडा आणला, कोणी बायकोच्या हातच्या वड्या. आपटे सरांनी स्वतःची शाल देऊ केली, "हॉलमध्ये एसी असतो हो" म्हणून.

मी मॅडमना गाठलं. "मॅडम, नावं घ्या. कोण काय म्हणालं ते सगळं सांगा. मी पत्रक काढते, हॉलच्या दारात वाटते."

"नाही."

"का नाही? खोटं आहे?"

हे त्यांचंच वाक्य मी त्यांना फेकून मारलं होतं. त्यांना ते कळलं.

"खरं आहे. पण त्यांचं आहे. आपटेंचं वाक्य मी बाहेर नेलं तर ते मत होत नाही, चहाडी होते. आणि भित्र्या माणसाला तर बरंच, त्याच्या वतीने दुसरं कोणी बोललं. तो म्हणायला मोकळा, मी असं बोललोच नाही." त्यांनी पिशवी उचलली. "मी माझं नेईन. बास."

मला अजूनही ते पुरतं पटलेलं नाही. या लेखात मी आपटे सरांना सोडलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. आडनाव तेवढं बदललं आहे, ते मॅडमच्या शब्दासाठी.

उद्घाटन झालं. दीप, सरस्वती, 'आज काळाची गरज'. अध्यक्ष वक्तृत्वाचं महत्त्व या विषयावर कागदावरून वाचून बोलले. मग मॅडम उठल्या. बूट, खोचलेला पदर. माइक बाजूला सरकवला. पहिल्या रांगेतली सगळी स्टाफरूम आपापल्या मांडीकडे बघत होती.

त्यांनी रीतीने सगळ्यांचे आभार मानले. अध्यक्षांचे, प्राचार्यांचे, मांडववाल्याचे. मग म्हणाल्या, "या अभ्यासक्रमासाठी माझा पेपर बंद होतोय आणि माझं कामही. ते चूक आहे असं मला वाटतं. हे मी स्टाफरूममध्ये म्हटलं होतं, म्हणून इथेही म्हणते. हे माझं वाक्य. दुसऱ्या कोणाचं असं बाहेरचं वाक्य असेल, तर मी थांबते."

आणि थांबल्या.

आपटे सरांनी छताकडे पाहिलं. काही सुचलं नाही. प्राचार्य उठले, म्हणाले, "मॅडमच्या भावना आम्ही समजू शकतो. कुणाची तशी मागणी आली तर संस्था नव्या सत्राआधी फेरविचार करेल. कुणाची आहे का?" कोणाचीच नव्हती. आम्हा विद्यार्थ्यांना हॉलच्या बाहेर ठेवलं होतं, खुर्च्या पुरत नाहीत म्हणून. दारातून बघत होतो, ऐकत होतो. राष्ट्रगीत झालं.

बाहेर मॅडमभोवती घोळका झाला. एकेक जण जवळ यायचा, आवाज खाली आणायचा. "काय बोललात बाई!" "डोळ्यांत पाणी आलं." "आम्ही मनाने तुमच्याबरोबर आहोत, आपलं आपल्यात." मॅडम प्रत्येकाला नमस्कार करत होत्या. कोणालाही आता आतलं-बाहेरचं विचारत नव्हत्या. त्या रागावल्या असत्या तरी मला एवढं वाईट वाटलं नसतं.

पिशवी खांद्याला लावून त्या अंगण ओलांडायला लागल्या. दुचाक्यांपाशी पोचल्या तेवढ्यात वरून हाक आली. "मॅडम!"

गॅलरीत प्राची होती. कोणी ढकललं नव्हतं. कठड्याला धरून उभी होती. "मॅडम, तुमचा पेपर बंद व्हायला नको. ही माझी मागणी आहे."

मॅडम वळल्या. मी जवळच होते, मला चेहरा दिसला. तो क्षणभर हलला आणि मग तासाला असायचा तसा झाला. त्यांनी कानामागे हात धरला आणि मळ्यातल्या आवाजात ओरडल्या, "मागे ऐकू येत नाय!"

प्राचीने पुन्हा म्हटलं, मोठ्यांदा. मग तिच्याशेजारी तो 'प्राचार्यांना इतिहासाची आवड आहे' म्हणणारा पोरगा येऊन उभा राहिला. मग मी. मग अजून काही. आपटे सरही गॅलरीत आले होते. त्यांनी तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि आत गेले. मॅडम खाली तशाच उभ्या, हात कानामागे, एकेकाचं पुरतं ऐकून घेत. त्यांची बस चुकली असणार. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी हात खाली घेतला, मान डोलावली आणि फाटकातून पळत निघाल्या.

नवं सत्र अजून सुरू झालेलं नाही. प्राचार्य म्हणतात, पोरांच्या आरड्याला मागणी म्हणत नाहीत. मोठ्या माणसांनी म्हटलं पाहिजे. म्हणून हे तुमच्याकडे आणलं आहे. तुम्ही मॅडमचे विद्यार्थी असाल, त्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला असेल, त्या दिवशी हॉलमध्ये डोळ्यांत पाणी आलं असेल, तर मला फोन करून हळहळू नका. कॉलेजचं फाटक दिवसभर उघडं असतं. पहिल्या मजल्यावर जा, गॅलरीत उभे राहा आणि तुमचं वाक्य अंगणाला सांगा. आणि मॅडमना कधी पाहिलंही नसेल, तर आज घरात जे दार लावून बोलाल ते एकदा दार उघडून बोला. दुसऱ्याचं नको, फक्त स्वतःचं. आणि जरा मोठ्यांदा. मोटर चालू आहे.